कोऱ्या पानांचा चकवा

ऊर्जेसाठी दाट लावलेल्या निलगिरीची तोड होऊन दोन महिने झाले होते. बुंध्यांवर कमरेइतके फुटवे आले होते आणि त्या दिवशी काम होतं पानांवरच्या गाठी क्लोनवार मोजून कोणता क्लोन (एकाच झाडाच्या फांद्यांपासून वाढवलेली सारखी झाडं) किडीला दाद देत नाही ते ठरवायचं.

गाठी करणारी माशी म्हणजे लेप्टोसायबे इन्व्हेसा, गांधीलमाशीच्या गटातली, मूळची ऑस्ट्रेलियाची. जेमतेम सव्वा मिलिमीटरची मादी कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेत, देठात, शेंड्यात अंडी घालते. अळी गाठीच्या आतच वाढते, त्यामुळे वरून मारलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचतच नाही. अंड्यापासून माशी बाहेर पडायला साधारण साडेचार महिने लागतात. तोडीनंतर अख्खा प्लॉट एकदम कोवळा होतो, म्हणजे तिला पंगतच.

आमच्या तक्त्यात एकच रकाना होता: लागण आहे की नाही. टोकाच्या ओळीतला क्लोन कोरा, शेजारचा डागाळलेला. निकाल लागल्यातच जमा होता. डागाळलेलं एक पान सहज उन्हात आडवं धरलं, तर शिरेवर बुचासारख्या तपकिरी खपल्या ओळीने होत्या, पण फुगवटा एकही नव्हता. ब्लेडने शीर उभी चिरून दहापट भिंगाखाली पाहिली. आत ना पोकळी, ना अळी. माशीने डाव साधला होता, पण झाडाने गाठ धरूच दिली नव्हती.

मग कोऱ्या ओळीकडे वळलो. ठिबकच्या नळीचं शेवटचं टोक तिथे. पाणी पोचत नव्हतं, शेंडे थांबलेले, पानं जून. माशीला अंडी घालायला जागाच नव्हती. याला प्रतिकार म्हणणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

दोन्ही क्लोनचे पाच-पाच बुंधे पुन्हा छाटले, पाणी दिलं. फुटवे वीतभर झाल्यावर प्रत्येकावर मलमलीची पिशवी बांधली (साध्या मच्छरदाणीतून ही माशी आरामात निसटते) आणि आत दहा-दहा माद्या सोडल्या. पिशवीला आतून मधाचं बोट लावायचं. उपाशी मादी तीनेक दिवसांतच मरते, मधावर सहाएक दिवस टिकते. सहा आठवड्यांनी ‘कोऱ्या’ क्लोनच्या शिरांवर गाठींची माळ होती. दुसऱ्यावर फक्त खपल्या.

आता तक्त्यात तीन रकाने आहेत: खपल्या, गाठी आणि त्या दिवशी झाडावर असलेले कोवळे शेंडे. रोपं न्यायला येणारे मात्र अजूनही खपल्यांची रोपं किडकी समजून नाकारतात.