सकाळी सहाला उघडणारं पाळणाघर

इंदिरानगरमध्ये २०१२ साली आम्ही सुरुवात केली, तेव्हा नाशिकमध्ये पाळणाघरं नव्हती असं नाही. गल्लोगल्ली होती. एखाद्या काकू तीन-चार मुलं सांभाळायच्या, टीव्ही लावून द्यायच्या, आणि काकूंच्या भाचीचं लग्न निघालं की आईने रजा टाकायची. शाळांना जोडलेली डे-केअरही होती, पण ती उघडायची शाळेच्या वेळेला. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फर्स्ट शिफ्टला सातच्या आत पंच करणाऱ्या बाईने मूल ठेवायचं कुठे? आम्ही सकाळी सहा ते संध्याकाळी साडेसात अशी पाटी लावली. लोक हसले. नात्यातलेच जास्त हसले.

आम्ही म्हणजे मी आणि अक्का. अक्कांनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून बरीच वर्षं काढलेली. पैसा माझा, हात त्यांचा. नवीन मूल रडत आलं की त्या त्याला लगेच उचलायच्या नाहीत. शेजारी फतकल मारून लसूण सोलत बसायच्या. हुंदके देता देता मूल सरकत जवळ यायचं आणि सालं फुंकरीने उडवायला लागायचं. मग अक्का माझ्याकडे न बघताच म्हणायच्या, "रुळलं." बालसंगोपनाचे कोर्स केलेल्या मुली माझ्याकडे पुढे पुष्कळ आल्या, पण ही लसणाची युक्ती एकीलाही जमली नाही.

सामानात कंजुषी केली नाही. लोखंडी पाळणे मात्र घेतले नाहीत, तुम्हीही घेऊ नका. एकाची कडी कुरकुरली की सगळी खोली उठते. वर्षाखालच्या बाळांना घट्ट भरलेली पातळ गादी, उशी नाही, आणि पाठीवरच झोपवायचं. आजीला वाईट वाटलं तरी चालेल. आईच्या दुधासाठी छोटा फ्रीज वेगळा. प्रत्येक बाटलीवर मेडिकलची पांढरी टेप, तिच्यावर नाव, तारीख, काढल्याची वेळ. हे दूध फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं, पण आम्ही आदल्या दिवशीचं घेतच नाही. कोमट करायचं ते गरम पाण्याच्या वाटीत बाटली धरून, मायक्रोवेव्ह नाही. उष्टं उरलं ते दोन तासांनी ओतून द्यायचं, कितीही जीव तुटला तरी.

पहिली चार वर्षं चांगली गेली.

२०१६ च्या उन्हाळ्यात अकरा महिन्यांचा करार संपत आला आणि बंगल्याचे मालक म्हणाले, "मुलगा पुण्याहून परत येतोय, जागा घरच्यांना लागेल." काय बोलणार? आम्ही सामान बांधलं. महिन्याच्या आत त्याच बंगल्यावर एका मोठ्या साखळी प्रीस्कूलचा फलक लागला. मुलगा अजून पुण्यातच आहे. त्या प्रीस्कूलमध्ये एसी, आई-बापांना मोबाइलवर दिसणारे कॅमेरे, पहिला महिना फुकट. मुलं सांभाळणाऱ्या आमच्या दोन ताई त्यांनी जास्त पगारावर नेल्या. त्याचं मला एवढं नाही, पोट प्रत्येकाला आहे. पण त्या ताईंबरोबर आमच्या हजेरीवहीतले पालकांचे फोन नंबरही गेले आणि एकेका घरी फोन सुरू झाले. आमच्याकडे चौतीस मुलं होती, पाथर्डी फाट्याच्या आमच्या नव्या रो-हाउसमध्ये आली ती अकरा. आणि भिंत! पुढच्या खोलीतल्या भिंतीवर अक्कांच्या पुतण्याने रंगवलेली आगगाडी होती, डब्याडब्यातून बाहेर डोकावणारी माकडं. त्यांच्या माहितीपत्रकावर पहिल्या पानावर तीच आगगाडी छापली होती. ते पत्रक माझ्याजवळ आहे, कपाटात, शॉप अ‍ॅक्टच्या फाइलमध्ये. कुणी म्हणेल सोडून द्या आता. का सोडून द्यायचं?

त्या अकरांत एका ताईंचा मुलगा होता. ताई सिडकोत राहायच्या, अंबडला इलेक्ट्रिक पॅनेलच्या कारखान्यात वायरिंगला होत्या. सहा वाजून दहा मिनिटांनी स्कूटी फाटकाशी, मुलगा अर्धवट झोपेत, डब्यात नाचणीची आंबील. त्यांनाही फोन आला होता. त्यांनी विचारलं, "सहाला उघडता का?" तिकडून उत्तर आलं, साडेआठ. "मग फुकट महिन्याचं मी काय करू?" म्हणून त्यांनी फोन ठेवला. रो-हाउसला रंग द्यायला रविवारी नवऱ्याला घेऊन त्याच आल्या.

आम्हाला तारलंही त्यांनीच. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. सव्वीस आठवड्यांची रजा सगळ्यांना माहीत असते. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं, हे फारसं कुणी बोलत नाही. ते कलम त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झालं. ताईंनी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन कंपनीचं एचआर गाठलं. "कंपनीच्या आवारातच पाहिजे असं नाही, फाट्याजवळ एक आहे, मी पत्ता देते." साहेबांनी आधी टोलवलं. मग वायरिंगवरच्या सगळ्या बायका एकदम जेवणाच्या सुट्टीत केबिनबाहेर उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये करार झाला: निम्मी फी कंपनीची, निम्मी पालकांची. त्यातून शेजारचं रो-हाउस घेता आलं.

लॉकडाउनमध्ये आम्ही बंद होतो. सगळेच होते. अक्कांनी पगार घेतला नाही, तो नंतर चुकता केला. एवढंच.

नवीन सुरू करणाऱ्या मुली विचारायला येतात, त्यांना मी सामान दाखवत नाही, द्राक्षं दाखवते. जानेवारी ते एप्रिल नाशिकमध्ये ज्याच्या त्याच्या डब्यात द्राक्षं. कुणाच्या मामाचा पिंपळगावला बाग, कुणाचा दिंडोरीला. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखं बसतं. पाच वर्षांखालच्या मुलाला ते उभं चिरून, चार फोडी करूनच द्यायचं. आडवं चिरलं तरी चकती अडकते. आमच्याकडे फाटकातच डबा उघडून बघतात. काही पालकांना तो अपमान वाटतो. वाटू दे. शेंगदाण्याचंही तेच, लाडू चालेल, दाणा नाही. आणि आई-बापांनी मागच्या दाराने पळून जायचं नाही. मूल रडलं तरी "येते हं" म्हणूनच निघायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते फाटकापासूनच पाय आवळतं.

जागेचा करारही अकरा महिन्यांचा करू नका. पाच वर्षांचा करा, नोंदणी करा, खर्च झाला तरी.

बंगल्यातलं प्रीस्कूल चालू आहे, भरलेलं असतं, खोटं कशाला बोलू. तेही आता सकाळी सातला उघडतात.

सध्या सेकंड शिफ्टच्या बायकांचे फोन येताहेत. त्यांची सुट्टी बाराला. रात्रीचं मूल ठेवायचं म्हणजे जेवण, झोप, सांभाळणाऱ्या ताईंना घरी सोडायला रिक्षा, शिवाय झोपलेलं मूल उचलून स्कूटीवर न्यायचं ते वेगळंच. मी हिशेब मांडून बघतेय, फी परवडेल अशी बसत नाही. अक्का म्हणतात, आधी एका कंपनीशी बोल, मग हिशेब कर. सोमवारी अंबडला जाऊन येणार आहे.