रात्री सव्वाअकराचं गणित

१५६ आणि ९८. डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला आणि विचारलं, "मॅडम, काम काय करता?" तोंडातून निघून गेलं, "माहिती भरते." मग माझं मलाच हसू आलं. मी गणित शिकवते. नववी-दहावीला, बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत, तेरा वर्षं झाली.

पण खोटंही बोलले नव्हते. त्या आठवड्यात यूडायस होतं, म्हणजे शाळेची सगळी माहिती सरकारी पोर्टलवर भरणं; आणि अपार आयडी होता, प्रत्येक मुलाचा ओळख क्रमांक. अपारला आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळावं लागतं. आमच्याकडे आधारवर बाप ज्ञानोबा आणि रजिस्टरला ज्ञानदेव. दुरुस्तीला आधार केंद्रावर जायचं तर बाप कर्नाटकात उसाच्या फडात. रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज पडतो : 'तात्काळ! आजच माहिती सादर करावी. निरंक असल्यास तसे कळवावे.' हेडसरांना विचारलं तर हात वर : "वरून मागितलंय." शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक काम लावू नका. बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं, काम निवडणुकीत बसतं आणि माहिती भरणं म्हणे शैक्षणिकच. झालं की मग!

पगाराचं रडगाणं नाही गात. लागले तेव्हा शिक्षण सेवकाला, म्हणजे सुरुवातीची वर्षं मानधनावर असलेल्या शिक्षकाला, माध्यमिकला ८ हजार मानधन होतं, २०२३ला ते १८ हजार झालं. नव्यांसाठी बरं वाटतं. पेन्शनचा विषय स्टाफरूममध्ये काढायचाच नाही, असं आम्ही नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांनी, म्हणजे जुनी पेन्शन हुकलेल्यांनी, ठरवून टाकलंय.

मागे एक प्रशिक्षण झालं, ताणतणाव व्यवस्थापनाचं. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा. माझ्या शेजारची बाई डोळे मिटून आणि मी बाकाखाली मोबाईल धरून त्याच प्रशिक्षणाची उपस्थिती लिंकवर भरत होते.

खरा ताण मात्र मला दिवाळीच्या सुट्टीनंतर येतो. सुट्टीआधी वर्गात ५८, सुट्टीनंतर ४१. आईबापांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहानग्यांना आजीजवळ ठेवतात, काही हंगामी वसतिगृहात राहतात; पण नववीतली मुलगी बरोबर न्यायला सोयीची. भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते, वाढ्याच्या, उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधते. आणि हो, एकटी मागे ठेवायची भीतीही असते आईच्या पोटात. ती भीती खोटी आहे असं मी कुठल्या तोंडानं सांगू? मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात, तेव्हा काही मुलींच्या गळ्यात मंगळसूत्र असतं.

आमच्याकडे भूगोलाचे एक सर आहेत, वीस वर्षं हे बघतायत. दरवर्षी म्हणतात, "मॅडम, नाद सोडा. आली तर परीक्षेला बसणार नाहीत, बसली तर निघणार नाहीत." मला त्यांचा भयंकर राग यायचा. मग एकदा कळलं की शाळा सुटलेल्या दोन मुलींच्या १७ नंबरच्या फॉर्मची, म्हणजे बाहेरून दहावीला बसायच्या फॉर्मची, फी त्यांनीच भरली होती, गुपचूप. विचारलं तर म्हणाले, "निघणार नाहीतच. पण फॉर्म तरी असावा." तेव्हापासून आशावादी कोण आणि निराशावादी कोण, याबद्दल मी फार बोलत नाही.

यंदा नववीतली एक मुलगी गेली. डोकं चांगलं आहे, अक्षर भयाण. जाताना तिच्या वडलांचा नंबर घेतला आणि 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' या धड्याची पानं फोटो काढून पाठवत राहिले. तीन आठवडे एकच टिक. म्हटलं, सरांचंच खरं.

मग एका रात्री पूर्वपरीक्षेचे पेपर तपासत बसले होते. सव्वाअकरा वाजलेले. बीजगणिताचा ४० मार्कांचा गठ्ठा पुढ्यात, त्यात सहा पेपर जवळजवळ कोरे. फोन वाजला. फोटो होता. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाची मागची बाजू, त्यावर मोबाईलच्या बॅटरीचा पांढरा गोळा आणि कोपऱ्यात कोपीच्या, त्यांच्या झोपडीच्या, पाचटाची सावली. चार उदाहरणं. तीन बरोबर. चौथ्यात वजाबाकी करताना खालच्या ओळीतली चिन्हं बदलायची विसरली होती. पहिल्या पदाचं बदललं, दुसऱ्याचं राहिलं. हीच चूक माझ्या समोर बसलेली ४१ पोरंही करतात! त्या चुकीचा मला इतका आनंद झाला की नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली. "छान," म्हणाला आणि कूस बदलली.

फोटोवरच लाल गोल केला, खाली लिहिलं, 'चिन्ह!!' आणि पाठवून दिला. लगेच दोन निळ्या टिक. पाठोपाठ तिच्या वडलांचाच फोन. मी घाबरले, म्हटलं पोरीला नादी लावते म्हणून रागावतात की काय.

"मॅडम, झोपला नव्हता ना? दिवसा पाठवत जाऊ नका, फडात रेंज नसती. रातच्यालाच पाठवा. आन् जरा मोठ्या अक्षरात, माझा डिस्प्ले फुटलाय."