समोरचा हात सोडत नसेल तर?

आज सोसायटीच्या सभागृहात मुलींसाठी स्वसंरक्षणाचे प्रात्यक्षिक होते. कोणी मनगट धरले तर अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून सोडवायचा, हे कराटेच्या प्रशिक्षकांनी दाखवले आणि प्रत्येकीचा हात सहज सुटलाही. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, त्याने हात सोडलाच नाही, उलट ओढत नेले तर?” सरांनी तोच डाव पुन्हा, जरा जोरात करून दाखवला.

तो प्रश्न मनातून जात नाही. कराटे चांगले की ज्युदो, बॉक्सिंग की क्राव मागा (इस्रायलची स्वसंरक्षण पद्धत), हा वाद आपण नावांवरून घालतो. मला वाटते, खरा फरक सरावाच्या पद्धतीत आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची स्थापना केली. घातक डाव त्यांनी मोकळ्या झुंजीतून बाजूला ठेवले आणि त्यामुळेच शिष्यांना एकमेकांशी पूर्ण ताकदीनिशी झुंजता आले. आपल्या तालमीतला मल्लही मातीत रोज असाच विरोध अंगावर घेतो, म्हणून घट्ट पकड बसली तरी तो गोंधळत नाही.

विरोध अंगावर घेण्याच्या अशा सरावाचे बळ १९९३ मध्येही दिसले. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांचे लढवय्ये एकमेकांशी भिडतात त्या स्पर्धेत, सडपातळ रॉयस ग्रेसीने जिउ-जित्सूने, म्हणजे जमिनीवर पकडी घालून लढण्याच्या कलेने, एका रात्रीत तीन लढती जिंकल्या. मात्र तिथे समोर एका वेळी एकच माणूस होता, तोही निःशस्त्र. रस्त्यावर साथीदार असेल तर खाली लोळणे धोक्याचे आणि चाकू दिसला तर शक्य तितक्या लवकर पळणेच योग्य.

तुमच्या मुलांच्या वर्गात जोडीदार खरोखर विरोध करतो का?