याची आई कुठंय?

मी नाशिकहून पुस्तकांची पेटी घेऊन निफाडकडच्या शाळांत जाते. पेटीत ४० पुस्तकं, त्यातल्या निम्म्यात मूल आणि एखादं जनावर यांची दोस्ती. चित्रांचं पुस्तक वाचून दाखवणं बघणाऱ्याला सोपं वाटतं, पण गुळगुळीत कागदावर खिडकीचा उजेड पडला की मागच्या पोरांना नुसती चकाकी दिसते, म्हणून पुस्तक खांद्याजवळ जरा खाली झुकवून धरायचं, पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, नाहीतर आपलाच हात चित्रावर येतो, आणि मजकूर पाठ पाहिजे तो वेगळाच. ट्रेनिंगमध्ये हे कोणी शिकवत नाही, तिथं फॉर्म भरायला शिकवतात.

त्या दिवशी बिबट्याच्या पिल्लाचं पुस्तक होतं. उसात एकटं सापडतं, मुलगा घरी आणतो, दूध पाजतो, दोघं एका गोधडीत झोपतात. चित्रं गोड, पण खरं सांगू का, ते मांजर आहे, वरून ठिपके दिलेत. तिसरीतली एक मुलगी, आईवडील ऊसतोडीला, राहायला कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, मध्येच म्हणाली, "मॅडम, याची आई कुठंय?"

मी म्हटलं पुढं बघू. पुढं नव्हतीच, मला माहिती होतं. ३२ पानांत आईला एक पान नाही.

मग तीच सांगायला लागली. त्यांच्या फडात तोडणी चालू असताना दोन पिल्लं निघाली (आडसाली ऊस दीड वर्ष उभा, मादीला ते जंगलच), तोड थांबली, वनविभागाची माणसं आली, संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली आणि सगळ्यांना लांब पिटाळलं. रात्री आई येऊन एकेक करून घेऊन गेली. "घरी नेलं असतं तर ती आमच्या कोप्यांभोवती फिरली असती ना!" अख्खा वर्ग माझ्याकडं असा बघतोय, जसं काही पिल्लू मीच उचललंय. तेवढ्यात मागून सर, "चला, आता तात्पर्य कोण सांगतंय?" सरांपुढं हात टेकले.

शेवटी पुस्तकं घरी न्यायला दिली तर ४० मधून हिनं तेच उचललं. पिन ढिली झालेली, मधली ४ पानं सुटायच्या बेतात, म्हटलं दुसरं घे, तर नाही, हेच. का ते विचारायचं राहून गेलं, रिक्षावाला हॉर्न मारत होता.

फॉर्ममध्ये रकाना आहे, पुस्तक आवडले का, हो/नाही. ऑफिसातून दोनदा फोन येऊन गेला, तेवढाच रकाना कोरा आहे म्हणे.