खांडेकर खरेच मोठे होते का? तुम्ही विचारलेत म्हणून

बडोद्यात मराठी पुस्तकांविषयी चार लोकांत बोलणे निघाले की वि. स. खांडेकरांचा प्रश्न आल्याशिवाय राहत नाही, आणि तो दोन टोकांकडून येतो. गुजराती शेजारणी विचारतात, ‘तमने खांडेकर केम नथी गमता?’, म्हणजे तुम्हाला खांडेकर का आवडत नाहीत? त्यांच्या आईने आणि आजीने गुजरातीत वाचलेला हा लेखक त्यांच्या घरात शरच्चंद्रांच्या पंक्तीला बसलेला असतो, आणि आम्ही मराठी माणसेच त्याच्याविषयी अवघडून का बोलतो, हे त्यांना उमगत नाही. दुसरीकडे विद्यापीठात शिकणारी आमचीच मुले विचारतात, ‘मावशी, खांडेकर खरेच मोठे होते, की नुसते लोकप्रिय होते?’ दोघांनाही मी आजवर तोंडी उत्तरे देत आले आहे. आता नीट लिहून देते.

माझे मत आधीच सांगते. खांडेकरांच्या बहुतेक कादंबऱ्या कळकळीने लिहिलेल्या आहेत, पण कादंबरी म्हणून त्या दुबळ्या आहेत. ‘ययाति’ मात्र मोठी कादंबरी आहे, आणि ज्या दोषासाठी खांडेकरांना नावे ठेवली जातात, तोच दोष तिथे तिच्या मोठेपणाच्या कामी आला आहे.

हा दोष कोणता, ते आमच्या वाचक मंडळात कुणालाही विचारा. पात्रे बोलत नाहीत, लेखक बोलतो. आणि बोलता बोलता दर पानावर एखादे वाक्य असे टाकतो की वाचणाऱ्याने ते वहीत उतरवून घ्यावे. ‘उल्का’ किंवा ‘दोन ध्रुव’ या 1934 च्या कादंबऱ्या आज काढून पाहिल्या तर ध्येयवादी तरुण, त्याच्यावर जीव टाकणारी तरुणी, श्रीमंतीचा पोकळपणा आणि दारिद्र्यातली थोरवी यांची मांडणी इतकी आधीच ठरलेली दिसते की माणसांना आपल्या मनाने वागायला जागाच उरत नाही. यामागचे कारण मला खांडेकरांच्या आयुष्यात दिसते. सांगलीत 1898 साली जन्मलेला हा माणूस 1920 साली शिरोड्याला शिक्षक म्हणून गेला आणि 1938 पर्यंत तिथेच राहिला. समुद्रकाठचे, मिठागरांचे गाव, भोवती गरिबी, समोर वर्गातली मुले, आणि 1930 मध्ये त्याच गावात झालेला मिठाचा सत्याग्रह. अशा ठिकाणी ऐन उमेदीची वर्षे घालवलेल्या लेखकाला गोष्ट सांगून झाल्यावर तिच्यातून काय घ्यायचे हेही सांगावेसे वाटले, तर त्यात मला नवल वाटत नाही. ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणत होते, तेव्हा खांडेकर जीवनासाठी कला म्हणून उभे राहिले, आणि त्या वादात महाराष्ट्राची एक अख्खी पिढी दोन तट करून भांडली.

पण कारण समजले म्हणून दोष नाहीसा होत नाही. मंडळातले काही ज्येष्ठ सभासद म्हणतात की तो काळच तसा होता, तेव्हाची भाषाच तशी होती. हे मला मान्य नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ 1939 सालची आहे. एका जहाजावरची थोडकी माणसे, तुटक आणि कोरडी वाक्ये, कुठेही उपदेश नाही, आणि तरीही त्या लहानशा पुस्तकात येऊ घातलेल्या महायुद्धाची सगळी भीती मावली आहे. म्हणजे त्याच काळात, त्याच मराठीत, वेगळे लिहिणे शक्य होते. पुढे 1963 मध्ये भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या बोलण्याने मराठी तरुण वाचकाचा कान बदलला. ‘ययाति’ 1959 ची, ‘कोसला’ 1963 ची. मध्ये अवघी चार वर्षे आहेत. आजच्या मुलांना ही दोन पुस्तके दोन वेगवेगळ्या शतकांतली वाटतात, आणि त्यांच्या मनातली अढी इथूनच सुरू होते.

आता ‘ययाति’कडे येते. महाभारतातली कथा सर्वांना ठाऊक आहे: शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला राजा मुलाकडे तारुण्य मागतो, पुरू ते देतो, आणि राजाची वासना तरीही शमत नाही. खांडेकरांनी ही कथा घेतली, पण ती स्वतः सांगितली नाही; ययाति, त्याची राणी आणि शुक्राचार्यांची मुलगी देवयानी, आणि तिची दासी होऊन आलेली राजकन्या शर्मिष्ठा या तिघांना आळीपाळीने बोलायला लावले. या एका निर्णयाने सगळे बदलले. एरवी खांडेकरांचे सुभाषित हे लेखकाचे मत असते आणि वाचकाने मान डोलवावी अशी त्याची अपेक्षा असते. इथे ते सुभाषित ययातीच्या तोंडी येते, आणि ययाति हा स्वतःशी सतत खोटे बोलणारा माणूस आहे. प्रेमाविषयी, मृत्यूविषयी, क्षणाच्या सुखाविषयी तो जे सुंदर बोलतो, ते प्रत्येक वेळी त्याला काहीतरी करून मोकळे व्हायचे असते तेव्हाच बोलतो. लहानपणापासून मरणाला भ्यालेला, बाप नहुष याला मिळालेल्या, नहुषाची मुले कधीही सुखी होणार नाहीत या शापाच्या सावलीत वाढलेला, बालपणीची सखी अलका हिच्या सोनेरी केसांची आठवण उरात घेऊन हिंडणारा हा राजा तत्त्वज्ञानाचा आडोसा करून वासनेकडे जातो, आणि ते तत्त्वज्ञान जितके देखणे, तितका आडोसा दाट होतो.

मी ‘ययाति’ची ग्रंथालयातली एक जुनी प्रत वाचली, तिच्यात आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने ओळी अधोरेखित केल्या होत्या, काही ठिकाणी समासात ‘सुंदर’ असेही लिहिले होते. अधोरेखित केलेली बहुतेक वाक्ये ययातीची होती, आणि त्यांच्या पुढचे पान उलटले की त्या वाक्याच्या आधाराने त्याने कुणाला तरी दुखावलेले असायचे. मला ती पेन्सिलीची रेघ फार बोलकी वाटली, कारण वाचक ययातीच्या बोलण्याला जसा भुलतो, तसाच ययाति स्वतः भुललेला असतो, आणि वाचकाला आधी भुलवून मग ते भुलणे त्याच्या पदरात टाकणारी कादंबरी लिहिणे हे साध्या लोकप्रिय लेखकाचे काम नव्हे. खांडेकरांनी हे जाणूनबुजून साधले की त्यांच्या शैलीला तिची योग्य जागा आपोआप सापडली, यावर आमच्याकडे दोन मते आहेत. मला स्वतःला तो जाणून घेतलेला निर्णय वाटतो, कारण ययाति म्हणजे सुखामागे धावणारा आजचा सामान्य माणूस, असे त्यांनीच स्पष्ट लिहून ठेवले आहे.

मंडळात सर्वांत कडाक्याचा वाद होतो तो देवयानीवरून. पुरुष सभासदांना शर्मिष्ठा आवडते. ती सोसते, क्षमा करते, आणि लेखकाचेही तिच्यावर उघड प्रेम आहे. बायकांचा कल मात्र गेल्या काही वर्षांत देवयानीकडे झुकला आहे, आणि मीही त्यांच्यातच आहे. ययातीच्या तोंडाला येणारा मद्याचा वास तिला सहन होत नाही, तो प्रसंग घ्या. ययातीच्या बाजूने पाहिले तर ती तुसडी, अहंकारी बायको आहे. पण ज्या मुलीच्या प्रियकराला, म्हणजे कचाला, जाळून त्याची राख मद्यात मिसळली गेली आणि ते मद्य तिच्याच बापाला पाजले गेले, तिच्या नाकाला तो वास कसा लागेल, याचा विचार राजाच्या मनाला शिवतही नाही. खांडेकरांना देवयानी आवडत नसावी असे मला वाटते. तरीही तिला स्वतःचे निवेदन दिल्यामुळे तिच्या बाजूचा पुरावा त्यांच्याच हातून नोंदला गेला आहे. लेखकाच्या आवडीनिवडीला पुरून उरणारे पात्र ज्या कादंबरीत असते, ती कादंबरी बोधकथा राहत नाही.

कच मात्र मला पटत नाही. मूळ कथेत शुक्राचार्यांकडून मेलेल्यांना जिवंत करणारी संजीवनी विद्या घेऊन निघून जाणाऱ्या कचाला खांडेकरांनी शेवटपर्यंत आणले आणि संयमाचे सगळे भाषण त्याच्या स्वाधीन केले. तो बोलू लागला की शिरोड्याच्या वर्गात बसल्यासारखे होते. ययातीच्या सुभाषितांना त्याच्या वागण्याने छेद जातो, कचाच्या सुभाषितांना कशानेच जात नाही, म्हणून ती निर्जीव राहतात. 1974 च्या ज्ञानपीठाने, जे मराठीला मिळालेले पहिले ज्ञानपीठ होते, हा दोष झाकला जात नाही, आणि पुरस्काराचा दाखला देऊन वाद मिटवू पाहणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही.

राहिला गुजराती शेजारणींचा प्रश्न. गोपाळराव विद्वांसांसारख्या अनुवादकांनी खांडेकर गुजरातीत नेले, तसे का. श्री. श्री. यांनी तमिळमध्ये नेले, आणि दोन्हीकडे ते परके राहिले नाहीत. तिथल्या वाचकापुढे फक्त गोष्ट आणि माणसे आली. आमच्यापुढे खांडेकर आले ते पाठ्यपुस्तकातून, वक्तृत्व स्पर्धेतून, लग्नाच्या आहेरातल्या पुस्तकांतून, निरोपसमारंभाच्या भाषणांतून. त्यांची वाक्ये इतक्या तोंडांतून फिरली की मूळ पानावर भेटली तरी आधीच झिजलेली वाटतात. याचा दोष मी पुस्तकावर टाकणार नाही. सयाजीरावांनी 1910 मध्ये उभारलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या या गावात एक सोय अशी आहे की ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांनी तीच कादंबरी गुजरातीत वाचून पाहावी. मी वाचली, तेव्हा अलंकार मागे पडून ययातीची भीती अधिक ठळक दिसली.

म्हणून विद्यापीठातल्या मुलांना मी सांगते की सुरुवात ‘उल्का’पासून करू नका, सरळ ‘ययाति’ हातात घ्या. लेखकाचे निवेदन, ते पुस्तकात कुठेही छापलेले असो, कादंबरी संपेपर्यंत बाजूला ठेवा, कारण ययातीकडे कसे पाहायचे ते खांडेकर तिथे आधीच सांगून टाकतात. देवयानीचे निवेदन दोनदा वाचा. आणि पेन्सिल हातात असेल तर वाक्याखाली रेघ ओढण्याआधी ते कोण बोलते आहे आणि पुढच्या पानावर तो काय करणार आहे, एवढे बघा. त्यानंतरही खांडेकर आवडले नाहीत, तर मंडळात येऊन माझ्याशी भांडा.