कडक भाकरीचा आवाज

रात्री साडेअकराला चोरून खायला कडक भाकरी हा अगदी चुकीचा पदार्थ. डबा पत्र्याचा, झाकण घट्ट, ते नखांनी जरा जरा उचकटावं लागतं. भाकरी पापडासारखी वाळलेली. फडक्यात धरून मोडली तरी ‘कट्ट’ व्हायचं ते होतंच. त्या रात्री तो आवाज थेट आतल्या खोलीत पोचला आणि तिथून विचारणा झाली, “शनिवारी किती कमी झालं म्हणालीस?”

शनिवारी म्हणजे आमच्या वर्गात. विजापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये आम्ही चौदा बायका बारा आठवड्यांचे पैसे आगाऊ भरून वजन उतरवायला जमायचो. सकाळी साडेसहाला, चहाचा घोटही न घेता. आधी काटा, मग व्यायाम. काट्यावर चढण्याआधीचा सोहळा बघण्यासारखा. चपला, घड्याळ, मोबाइल, केसांतला चाप, सगळं बाजूला. एक काकू पाटल्या उतरवून शेजारणीच्या हातात द्यायच्या, पण काट्यावर उभ्या राहिल्या तरी डोळे पाटल्यांवरच. मी ओढणी काढून ठेवायचे. ती 110 ग्रॅम भरते, हे मी घरी स्वयंपाकाच्या काट्यावर बघून ठेवलं होतं. मग मॅडम आकडा मोठ्यानं वाचायच्या आणि बाकीच्या टाळ्या वाजवायच्या.

पहिल्या आठवड्यात माझे 1 किलो 800 ग्रॅम उतरले. इतका आनंद झाला की पेढे आणावेत असं वाटलं. ते बहुतेक पाणी होतं हे नंतर कळलं. खाणं कमी केलं की शरीर आधी साठवणीतली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, काढतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी बाहेर पडतं. चरबी मात्र जुन्या भाडेकरूसारखी. एक किलो हलवायची तर साधारण 7700 कॅलरींचा हिशोब चुकता करावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात 200 ग्रॅम गेले, चौथ्यात 300 परत आले. टाळ्या तेव्हाही वाजल्या. त्या जास्त लागल्या.

असं जमून वजन उतरवायची कल्पना न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सच्या एका गृहिणीनं गाजवली. जीन निडेच तिचं नाव. 1961 मध्ये ती एका सरकारी दवाखान्यात पथ्य घ्यायला जायची आणि घरी मात्र न्हाणीघरातल्या कपड्यांच्या टोपलीत बिस्किटं लपवून खायची. दवाखान्यातल्या बाईंना सांगायची हिंमत होईना, म्हणून तिनं सहा मैत्रिणींना घरी बोलावून चोरी कबूल केली. मग त्याही आपापल्या चोऱ्या सांगू लागल्या. त्यातूनच 1963 मध्ये ‘वेट वॉचर्स’ उभी राहिली.

तिची बिस्किटं बिनआवाजी, तरी तिनं सांगून टाकलं. आमच्यात चौदाजणी आणि एकही कबुली नाही. रोज ताटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा असे. मी एक ज्वारीची भाकरी, वाटीभर वरण आणि काकडी मांडून फोटो काढायचे. शेंगाचटणीची वाटी डाव्या कोपऱ्याबाहेर. पाचव्या आठवड्यात फोटोत वाटीची कड आली आणि मॅडमनी बरोब्बर पकडलं. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, हे मला तेव्हा कळलं. पण सोलापुरात शेंगाचटणी सोडायची म्हणजे भाकरी कशाशी खायची, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. ती मोजूनही घेता येत नाही. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली चटणी चमच्यातून पडते तेवढी पडते.

तरी चटणीनं माझा घात केला नाही. घात केला संक्रांतीनं. आठवा आठवडा जानेवारीत आला. भोगीची तिळाची भाकरी झाली, सिद्धेश्वराची यात्रा झाली, गड्ड्यावरच्या जत्रेत दोन संध्याकाळी गेल्या, आणि मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं. आता आम्ही चौदाजणी इतक्या जवळच्या झालो होतो, की प्रत्येकीनं बाकीच्या तेराजणींना बोलावलं. वर्ग नसता तर यातली निम्मी घरं मला माहीतही नसती. कुठे तिळाच्या वड्या, कुठे चुरमुऱ्यांचा सुशीला, आणि एकीच्या शेतावर तर हुरडा. आगटीभोवती बसून गरम कणसं चोळताना पाटल्यावाल्या काकू म्हणाल्या, “ज्वारी चालते म्हणाल्या होत्या की वो मॅडम.” सगळ्यांनी मान डोलावली. सोबत गूळ, रेवडी आणि शेंगाचटणी होती, त्यांचं नाव कुणी काढलं नाही.

नवव्या शनिवारी हॉलमध्ये पाचजणी होत्या असं ऐकलं. मी नव्हते. भुकेची मला भीती नव्हती, उपास मी लहानपणापासून करते. तो आकडा मोठ्यानं वाचला जाणार, त्याची होती. एकटीनं वजन वाढवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

गेल्या आठवड्यात रात्री अकराला काकूंचा फोन आला. नवा वर्ग सुरू होतोय, येणार का, असं विचारत होत्या. “तुमचं कसं चाललंय?” मी विचारलं.

“छे वो, मी संध्याकाळी सातनंतर पाणीसुद्धा—”

आणि फोनमध्ये ‘कट्ट’ झालं.

दोघी क्षणभर गप्प. मग मी उठून स्वयंपाकघरात गेले, फोन खांद्यात धरला आणि झाकण उचकटायला घेतलं.