आमची वाटचाल: शब्दसूचीत काय ठेवायचं, काय वगळायचं

रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या फर्ममध्ये बिलिंग आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या मराठी पुस्तिका तयार होतात. त्या वापरणारे बहुतेक आंबा बागायतदार, काजू कारखानदार आणि दुकानदार. पुढच्या अनुक्रमणिकेपेक्षा मागच्या शब्दसूचीवर, म्हणजे कोणता शब्द कोणत्या पानावर आहे त्या यादीवर, आमचा जास्त वेळ जातो, कारण ऐन सीझनमध्ये पुस्तिका कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. वाशीच्या बाजाराची गाडी भरायची असते आणि पावती अडलेली असते.

सुरुवातीच्या सूची आम्ही स्क्रीन समोर ठेवून केल्या. प्रत्येक मेनू, प्रत्येक बटण आत घेतलं. मग ‘सेव्ह’पुढे पानांच्या आकड्यांची रांग लागली, आणि अशी रांग कोणीही उलटून पाहत नाही. आता नियम असा: एका नोंदीपुढे ३ पेक्षा जास्त आकडे आले की तिच्याखाली उपनोंदी पाडायच्या, जसं ‘पावती’खाली ‘रद्द करणे’. त्या पडत नसतील, तर तो शब्द सूचीत नकोच. ‘ओके’, ‘कॅन्सल’, सॉफ्टवेअरचं नाव, ओझरते उल्लेख हे सगळं बाहेर. एरर मेसेजचे शब्द मात्र जसेच्या तसे आत, कारण अडलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर तेवढेच असतात.

सगळ्यात मोलाचा असतो ग्राहकाच्या तोंडचा शब्द. स्क्रीनवर ‘सेल्स स्टेटमेंट’ असतं. बागायतदार म्हणतो ‘पट्टी’. त्याला हमाली आणि भाडं वजा करून आलेली रक्कम नोंदवायची असते, म्हणून ‘पट्टी’, ‘हमाली’, ‘भाडं’ तिन्ही हवेत. पावसाळ्यात फोन येतो तो ‘लाईट गेली, पावती अर्धवट राहिली’ असा. ती माहिती बॅकअपच्या प्रकरणात असली तरी नोंद ‘लाईट’खाली असलीच पाहिजे. असे शब्द मिळवायला फोनवरच्या तक्रारींची वही सगळ्यात चांगली. मात्र शब्द ग्राहकाच्याच भाषेत लिहून घ्यावा. आपल्या भाषेत टिपला की तो हातचा गेला.

अशा पर्यायी शब्दापुढे ‘पाहा’ लिहायचं की पान? विषय एकाच पानावर असेल तर दोन्हीकडे सरळ पान द्यावं. ‘पाहा’ फक्त उपनोंदी असलेल्या मोठ्या नोंदीकडे. आणि ‘पट्टी: विक्री पाहा’, ‘विक्री: पट्टी पाहा’ असं चक्र राहिलं नाही ना, हे शेवटी हातानेच तपासावं लागतं.

मराठीत एक सोय आहे. कर्म आधी, क्रियापद नंतर, त्यामुळे ‘पावती रद्द करणे’ आपोआप ‘पावती’खाली बसते. अडचण विशेषणांची. ‘नवीन ग्राहक जोडणे’ ही नोंद ‘न’मध्ये हरवते, ती ‘ग्राहक, नवीन जोडणे’ अशी फिरवावी. एकवचन-अनेकवचनाचंही ठरवून घ्यावं, नाहीतर ‘पेटी’ आणि ‘पेट्या’ अशा दोन नोंदी होतात आणि पानं विभागली जातात.

क्रमवारीत बहुतेकजण फसतात. युनिकोडच्या, म्हणजे संगणक अक्षरांना जे क्रमांक देतो त्यांच्या, सांकेतिक क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये आहे, पण मराठी कोशात तो ‘ह’नंतर येतो. म्हणून नुसत्या सांकेतिक क्रमाने ‘गाळा क्रमांक’ हे ‘गावनिहाय अहवाल’च्या आधी येतं, यायला हवं नंतर. ‘ॲ’चा क्रमांक तर सगळ्या व्यंजनांच्याही पुढे, म्हणजे ‘ॲडव्हान्स’ सूचीच्या तळाला जातं. आम्ही ते ‘अ’ गटात आणतो, कारण वाचक तिथेच शोधतो. शिवाय ‘ॲ’ कधी एकाच अक्षराने, तर कधी ‘अ’ला चंद्र जोडून टाइप झालेला असतो. दोन्ही सारखेच दिसतात, तरी नोंदी दोन होतात. क्रम लावण्याआधी फाइंड-रिप्लेसने ते एक करून घ्यावेत.

वर्डमध्ये ऑल्ट+शिफ्ट+एक्स दाबून नोंदीची खूण करता येते. ‘मार्क ऑल’ टाळावं, त्याने ओझरत्या उल्लेखांनाही खुणा लागतात. खुणेचा मजकूर लपवलेला असतो. तो पडद्यावर दिसत असताना सूची अपडेट केली, तर ओळी सरकून पानांचे आकडे चुकतात. म्हणून आधी लपवा, मग एफ९ दाबून अपडेट करा. खुणा प्रकरण लिहून झाल्या झाल्या कराव्यात, पण सूची छपाईची मांडणी पक्की झाल्यावरच काढावी.

शेवटी पुस्तिका न वाचलेल्या माणसाला १० प्रश्न देतो. तो आधी कोणता शब्द शोधतो, ते बाजूला बसून लिहून घेतो. दोन प्रयत्नांत पान सापडलं नाही, तर त्याने शोधलेले दोन्ही शब्द सूचीत जातात.